तुला न सांगितलेली दुसरी जागा

सुमेध,

काल तुझं पुण्यानुमोदन झालं. मांडव तुमच्या दारातच घातला होता आणि मी नेहमीसारखा उशिरा पोचलो. तू असतास तर मांडवाच्या तोंडाशीच धरलं असतंस, "काय बालाजीराव, परभणीहून चालत आलात का?" म्हणून. काल कुणी काही बोललं नाही. उलट लोक बाजूला सरकून मला वाट करून देत होते. ते मला सोसवेना.

पुढे तुझा फोटो ठेवलेला. मीच काढलेला, कसल्याशा अर्जासाठी, कपाळाला आठ्या घालून बसलेला तू. हसरा एक फोटो सापडला नाही माझ्याकडे. वीस वर्षांची दोस्ती, धंदा फोटोचा, आणि दोस्ताचा एक धड फोटो दुकानात नसावा! गुरुजी, म्हणजे तुझे बाबा, रागावले नाहीत. ते कधी कुणावर रागावतात का? "हाय तो चांगला हाय," म्हणाले आणि हार घातला.

त्रिशरण झालं, पंचशील सुरू झालं. तुमच्या घरच्या प्रत्येक कार्यक्रमाला बसून बसून मलाही ते पाठ झालंय. पहिली तीन शीलं सगळ्यांबरोबर म्हटली. चौथ्याला माझा आवाज बंद पडला. खोटं न बोलण्याचं शील ते. शेजारी तुझे मामा होते, त्यांना वाटलं मला रडू आलं, त्यांनी पाठीवर हात ठेवला. मी रडत नव्हतो रे. मी घाबरलो होतो.

मी तुझ्याशी खोटं बोललो, सुमेध. आणि ते तुला सांगायच्या आत तू गेलास. तेवढंच असतं तर मी आयुष्यभर मनात कुढत बसलो असतो, बसतात माणसं. पण हे खोटं तसं बसू देणारं नव्हतं. सोमवारपर्यंत ते उघडं केलं नाही तर कुठल्या कुठल्या देशांतल्या माणसांच्या मशिनी चोरांच्या हातात जाणार होत्या, आणि नाव तुझं लागणार होतं.

मांडवात लोक विचारत होते, पोरगा काय करायचा हो? कुणी म्हणे कॉम्प्युटर इंजिनिअर, कुणी म्हणे फोटोचं काहीतरी. निम्म्या सेलूला तर आजही वाटतं की तू माझ्या स्टुडिओत कामाला होतास. तू ते कधी खोडून काढलं नाहीस, वर गिऱ्हाइकांसमोर मला "मालक" म्हणायचास, चोरा. तू काय करायचास ते मी सांगू शकलो असतो. मोबाइलवर, कॉम्प्युटरवर कुणी फोटो उघडतो तेव्हा त्या फाइलचं चित्र करणारा एक कोड आत लागतो. तो तू लिहिलास आणि जगाला फुकट देऊन टाकलास. कुणीही घ्या, वाचा, आपल्या सॉफ्टवेअरात बसवा. लोकांनी बसवलाही. कुठे कुठे बसलाय याचा पत्ता तुलाही नव्हता. आणि एवढ्या सगळ्याचा मालक, राखणदार, गडी, सगळं तू एकटा, दोन खोल्यांच्या घरात खुर्चीवर उशी टाकून.

एकटा नव्हतास. मी होतो. पण ते फक्त तुला आणि मला माहीत.

बारावीला गचका खाल्लेला फ्लेक्सवाला मी. माझ्या मशिनवर फाइल अडकली की तू यायचास आणि "हे बघ, इथं अडकायलंय," म्हणत कोड उघडून दाखवायचास. मी बघता बघता वाचायला लागलो, मग लिहायलाही लागलो. मेमरी म्हणजे काय ते तू मला आमच्या शेतात उभं राहून समजावलंस, आठवतं? "ही तुझी जमीन, हा बांध, पलीकडं तुझ्या चुलत्याचा कापूस. तू पाणी सोडलं आणि ते बांध ओलांडून तिकडं गेलं तर?"

"चुलता कुऱ्हाड घेऊन येईल."

"मेमरीत चुलता येत नाही ना, बाळ्या. कुणीच बोंबलत नाही. पाणी गुपचूप जात राहतं."

तू म्हणायचास, तुझं नाव टाकतो कोडात, निम्मं काम तुझं आहे. मी म्हणायचो, नको बाबा, फ्लेक्सवाल्याचं नाव बघून लोक पळून जातील. खरं कारण ते नव्हतं. नाव टाकलं की जिम्मेदारी येते, आणि जिम्मेदारी म्हटली की मी दोन पावलं मागे. तुला ते कळत होतं. तू कधी टोचलं नाहीस.

आपला सगळ्यात जुना वाद त्या बांधावरचाच. तू म्हणायचास, हा सगळा कोड नव्या भाषेत लिहून काढू, आता अशा भाषा आहेत ज्या स्वतःच बांध राखतात, चुकीचं पाणी सोडूच देत नाहीत. मी म्हणायचो, कशाला एवढी तकलीफ? चालतंय ना? माणूस सावध असला म्हणजे झालं. तू म्हणायचास, माणूस रोज सावध नसतो. मी म्हणायचो, मी असतो. असं छाती ठोकून म्हणायचो रे मी. आज आठवलं की तोंड लपवावंसं वाटतं.

हे सगळं सुरू झालं त्या दिवसाचं लिहितो, कारण आता ते लिहायला मी एकटाच उरलोय. एका भावी नगरसेवकाचा वाढदिवस होता. चाळीस बाय वीस फुटांचा फ्लेक्स, मधे साहेब, खाली शुभेच्छुकांचे एक्केचाळीस चेहरे. तुकडे करून छापला की जोड कुणाच्या तरी नाकावर येतो आणि मग तो माणूस दुकानात येऊन ठाण मांडतो. बाकीच्या गावांत फ्लेक्सवाले पाव मापात फाइल करतात आणि छापताना चौपट वाढवतात. आपल्याकडं एकदा मशिनवाला चौपट करायचा विसरला, चाळीस फुटांच्या चौकटीवर दहा फुटांचे साहेब लागले, आणि गावभर हसं झालं. तेव्हापासून आम्ही सगळे फाइल खऱ्या मापातच करतो. ती फाइल तुझा कोड उघडेना. "फोटो फार मोठा आहे," एवढंच सांगायचा आणि बसायचा.

तू ती ओळ मुद्दाम घातली होतीस. फाइल आधी आपली रुंदी आणि उंची सांगते, कोड त्यांचा गुणाकार करून तेवढी जागा मागतो आणि मग फोटो त्यात ओततो. आकडा फारच मोठा झाला तर मोजणारा काटा जुन्या मोटारसायकलच्या किलोमीटरसारखा फिरून परत शून्यापासून सुरू होतो. मग जागा मिळते मूठभर आणि ओतायचं असतं डोंगराएवढं. ते शेजारच्या मेमरीत सांडतं. बदमाश माणूस मुद्दाम खोटा आकडा सांगणारी फाइल बनवतो, आणि सांडणाऱ्या फोटोबरोबर आपले हुकूम शेजारी पेरतो. पुढच्याने नुसता फोटो उघडायचा अवकाश, मशीन याच्या ताब्यात. म्हणून तुझी ओळ होती, की इतक्यापेक्षा मोठा फोटो असेल तर हात लावायचा नाही.

तू दुकानातून चहा सांगायला बाहेर गेला होतास. तुझा लॅपटॉप उघडाच होता. मी ती ओळ उडवली. फ्लेक्स उघडला! फ्लेक्स म्हणजे काही बदमाश फाइल नव्हे, आकडा खराच सांगत होती बिचारी. मग फ्लेक्स आडव्याचा उभा करायचा होता, तर फोटो फिरवायच्या भागातही तुझी तशीच एक ओळ आडवी आली. तीही उडवली. तू चहा घेऊन आलास तेव्हा मी पहिलीचं सांगितलं. "बरं, मी परत घालतो," म्हणालास. आणि मग साहेबांचे लोक आले, गडबड झाली, दोघंही विसरलो. पुढच्या खेपेला तू तुझं काम जगाकडे पाठवलंस तेव्हा माझी करणी तुझ्या नावाने गेली. दुसरीचं सांगायचं राहिलं. तेव्हा खरंच राहिलं होतं, सुमेध. तेवढं तरी खरं मान.

मग इतक्या वर्षांनी त्या परदेशातल्या बाईंची मेल आली. असल्या चुका शोधणं हेच त्यांचं काम. अमुक ठिकाणी भगदाड आहे, अमुक मुदतीत बुजवा, तोवर आम्ही गप्प राहतो, मुदत संपली की जगाला सांगणार. तू ती मेल छापून दुकानात घेऊन आलास. छापून! एवढा कॉम्प्युटरवाला माणूस, पण घाबरला की कागद लागायचा तुला.

"बालाजी, ही ओळ तू काढली होतीस."

"तू परत घालणार होतास."

"हो. माझं चुकलं. पण आता नीट आठवून सांग, अजून कुठं काढलीस का?"

दुकानात दोन गिऱ्हाइकं उभी होती. मला आठवलं होतं. तू प्रश्न पुरा करायच्या आधी आठवलं होतं. आणि माझ्या तोंडातून काय गेलं? "न्हाई म्हनलं ना! काय चौकशा लावल्यास? पोलिस हायेस का तू?" तू कागदाची घडी केलीस, खिशात घातलीस आणि गेलास. चहाही घेतला नाहीस.

त्यानंतर आपला अबोला. मी रोज ठरवायचो, आज जाऊन सांगतो. रोज वाटायचं, आधी तो बोलू दे. तू बुजवत असशील ते एक भगदाड, त्याच्या नादात दुसरंही तुला दिसेल, आणि मला सांगावं लागणार नाही, असाही एक हलकट हिशेब होता माझा. वहिनींचा फोन आला त्या सकाळी मी तो दोनदा वाजू दिला. म्हटलं, तूच त्यांच्या फोनवरून करत असशील, जरा वाजू दे. तिसऱ्यांदा उचलला. तू तेव्हा दवाखान्याच्या वाटेवर रिक्षात होतास. दोन वेळा वाजू दिला मी, सुमेध. कुणी म्हणतं त्याने काही फरक पडला नसता. म्हणू देत.

दवाखान्यात वहिनींनी तुझा फोन माझ्या हातात दिला, "तुमच्यापाशी राहू द्या, भाऊजी." तो मी शर्टाच्या खिशात ठेवला. तुला घरी आणलं, आंघोळ घातली, पांढरे कपडे घातले, आणि तो खिशातच होता. आणि खांदा देताना माझ्या लक्षात आलं की दुरुस्ती जगाकडे पाठवायला जो आकडा लागतो तो ह्याच फोनमधल्या एका ॲपवर येतो, दुसरीकडं कुठंच येत नाही, आणि हा फोन तुझ्या अंगठ्याने उघडतो. तुला चितेवर ठेवलं. तुझा उजवा हात माझ्या बाजूला होता. मनात आलं. आलं रे, तुझ्याशी आता तरी खोटं कशाला बोलू? दोन पावलं पुढेही गेलो. लोकांना वाटलं मी फुलं वाहायला चाललोय. मी तुझा हात धरला. थंड होता. मी नुसता धरून उभा राहिलो, फोन बाहेर काढलाच नाही. मग मामांनी मला मागे घेतलं.

बरोबर केलं का मी? सांग ना. तू असतास तर म्हणाला असतास, "गाढवा, अंगठा लावून घ्यायचास, मला काय दुखणार होतं?" तू हेच म्हणाला असतास हे मला पक्कं माहीत आहे, आणि म्हणून जास्त जीव तुटतो. फोन वहिनींना परत दिलाय. त्याचा पासवर्ड कुणालाच माहीत नाही, तो कुणाच्याने उघडत नाही.

लॅपटॉप उघडला, त्याचा पासवर्ड वहिनींना माहीत होता. तुझी दुरुस्ती तिथं तयार होती. पहिल्या जागेची. स्वच्छ, तुझ्या हातची, तीन वेळा तपासलेली. दुसऱ्या जागेला तू हातही लावला नव्हतास, कारण तू मला विचारलं होतंस आणि मी नाही म्हणालो होतो. तू माझ्यावर भरोसा ठेवलास. चिडला होतास, बोलत नव्हतास, आणि भरोसा ठेवलास!

आणि खाली तू त्या बाईंना लिहिलेली मेल. "ती ओळ मी काढली. मला वाटलं तिची गरज नाही. या कोडवर मी एकटाच काम करतो, दुसऱ्या कुणाचा संबंध नाही." मी ती वहिनींसमोरच वाचली आणि उठून बाहेर ओसरीवर आलो. त्यांना वाटलं उन्हाने गरगरलं, त्यांनी पाणी आणून दिलं.

का लिहिलंस असं? कुणी सांगितलं होतं तुला? माझं तोंड झाकायला तू स्वतःच्या तोंडाला काळं फासलंस, आणि मी इथं दुकानात बसून "आधी तो बोलू दे" करत होतो. लय राग येतो तुझा. एवढं चांगलं कशाला असावं माणसानं, समोरच्याला तोंड दाखवायला जागा राहत नाही.

मी त्या बाईंना मेल केली. तू गेलास म्हणून, तुझी दुरुस्ती माझ्याकडे आहे म्हणून, माझ्याकडून घ्या म्हणून. त्यांनी फार चांगल्या शब्दांत दुःख कळवलं. आणि पुढे लिहिलं की माफ करा, पण सुमेध यांनी तर आपण एकटेच आहोत असं सांगितलं होतं. मालक मेला की त्याच्या जागी घुसायला बघणारे फार असतात. तुम्ही कोण? कोडात तुमचं नाव कुठेच नाही. मुदत मी सोमवारपर्यंत वाढवते, त्यापुढे मला सांगावंच लागेल.

मी कोण! इतकी वर्षं नको नको म्हणालो नावाला, आता ते कुठून आणू? आणि दुसऱ्या जागेचं मी त्या मेलमध्येही लिहिलं नाही. म्हटलं, आधी पहिली तर जाऊ दे. सोमवारी पहिली जाहीर झाली की चोर तशीच दुसरी शोधायला लागणार, हे माहीत असूनही.

काल माणसं जेवून गेल्यावर गुरुजी सतरंज्या झटकत होते. मी जवळ गेलो. म्हणालो, "गुरुजी, सुमेधनं माझ्यासाठी खोटं लिहिलं. माझी चूक आपल्या अंगावर घेतली. आणि मी त्याच्याशी खोटं बोललो, ते त्याला कळलंच नाही." त्यांनी सगळं ऐकून घेतलं. बांधाचं सांगितलं तेव्हा मान हलवली, तेवढं त्यांना लगेच कळलं.

"लोकायचं नुकसान होनार हाय का त्यानं?"

"होणार आहे. कुणाचंही. आपण ओळखतही नाही त्यांचं."

"मंग माझ्याकडं कशाला आलास? मी माफ केलं म्हंजी ते बुजनार हाय का?"

मी म्हणालो, "सगळं सांगितलं तर सुमेधच्या कामाला बट्टा लागेल, गुरुजी. एक नाही, दोन दोन भगदाडं." तेव्हा पहिल्यांदा त्यांचा आवाज चढला. "आन् त्याच्या पाठीमागं दडून बसलास तर त्याचं नाव उजळनार व्हय?" मग लगेच खाली बघितलं, सतरंजीचं दुसरं टोक माझ्याकडे टाकलं. "धर तिकडनं." आम्ही दोघांनी घड्या घातल्या. सात सतरंज्या होत्या.

आज सकाळी दुकान उघडलं नाही. शटर अर्धं ठेवून बसलो आणि त्या बाईंना सगळं लिहिलं. माझं मोडकं इंग्रजी, तू नाहीस सुधारायला. लिहिलं की ओळ त्याने काढली नाही, मी काढली, त्याच्या लॅपटॉपवर, तो चहाला गेला असताना. तुम्ही एक जागा शोधलीत. मी दोन काढल्या होत्या. दुसरी अमुक भागात, अमुक ठिकाणी आहे, ती तुम्हालाही माहीत नाही आणि त्यालाही नव्हती, कारण त्याने विचारलं तेव्हा मी खोटं बोललो. दुसऱ्या जागेची दुरुस्ती मी स्वतः केली आहे, सोबत जोडली आहे. मी कोण, ह्याचा माझ्याकडे एवढाच पुरावा आहे.

दुपारी उत्तर आलं. दुसरी जागा खरी निघाली. पहिलीपेक्षा वाईट, म्हणाल्या. हे काढणाऱ्यालाच माहीत असणार, तेव्हा तुमच्यावर विश्वास ठेवते. तुझ्या खात्यावरून दुरुस्ती पाठवता येत नाही, पण मोठमोठे लोक जे हा कोड पुढे वाटतात त्यांना त्या स्वतः दोन्ही दुरुस्त्या पोचवतील. जमलं म्हणायचं. पण ज्यांनी पूर्वी कधी तो उचलला, आपल्या मशिनीत बसवला आणि विसरून गेले, त्यांच्यापर्यंत कुणीच पोचणार नाही. तिथं ते दोन्ही बांध फुटलेलेच राहणार. ते आता माझ्याच्याने होणार नाही, सुमेध. कुणाच्यानेच होणार नाही. हे मी कुणापाशी बोलू? हे समजणारा एकच माणूस होता गावात.

शेवटी त्यांनी विचारलं, सोमवारी जे जाहीर होईल त्यात नावं काय लिहू?

मी लिहून पाठवलं. पहिल्या जागेची दुरुस्ती, सुमेध. चूक, दोन्ही जागांची, बालाजी, फ्लेक्सवाला, सेलू, जिल्हा परभणी. पाठवलं आणि उरलेलं शटरही खाली ओढलं. आता ते निघणार नाही, जगात कायमचं राहील. तुला कळलं असतं तर चप्पल पायात न घालता धावत आला असतास दुकानात, "बाळ्या, येडा झालास का, खोड आधी ते!" म्हणून माझ्या हातातून कीबोर्ड ओढला असतास.

ये की मग. भांडायला नको येऊस, बोलूही नकोस माझ्याशी. खोडायला तरी ये.